२१४७४८३६४७: यूट्यूबपासून २०३८ पर्यंत पुन्हा पुन्हा आडवी येणारी ही संख्या आहे तरी काय?

दहा अंक आहेत, त्यामुळे पहिल्यांदा पाहिल्यावर कुणाचा तरी मोबाइल नंबर वाटतो. पण २१४७४८३६४७ हा नंबर नाही, ही एक साधी पूर्ण संख्या आहे. २०१४ साली यूट्यूबवरच्या एका गाण्याचे व्ह्यूज या संख्येच्या पुढे गेले आणि जगभर बातम्या झाल्या. काही ऑनलाइन गेममध्ये तुमची कमाई नेमकी इथेच येऊन थांबते. आणि १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी, भारतीय वेळेनुसार ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, जगातली बरीच जुनी यंत्रं याच संख्येपाशी अडखळू शकतात.

गंमत म्हणजे संगणकाचा शोध लागायच्या कितीतरी आधीपासून गणितज्ञ हिच्या मागे होते. असं काय आहे या संख्येत?

थोडक्यात सांगायचं तर

- २१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१वा घात वजा १.
- ही मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. हे लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवलं.
- ३२ बिटांच्या संगणकी खात्यात मावणारी ही सर्वात मोठी संख्या आहे, जर त्या खात्यात ऋण संख्याही ठेवायच्या असतील तर.
- १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद २०३८ मध्ये या संख्येवर पोहोचतात. 'इयर २०३८ प्रॉब्लेम' म्हणतात तो हाच.

ही संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर २,१४,७४,८३,६४७. म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. सोपं करून, जवळपास २१५ कोटी.

किती मोठी आहे याचा अंदाज घ्यायचा तर भारताची सगळी लोकसंख्या या संख्येत आरामात बसते, जगाची मात्र बसत नाही. इतके सेकंद मोजायचे म्हटले तर ६८ वर्षं आणि वर काही दिवस लागतील.

आता तिची घडण पाहू. १ घ्या आणि दुप्पट करत जा: २, ४, ८, १६, ३२... असं ३१ वेळा केलं की २१४७४८३६४८ मिळतात. त्यातून १ वजा केला की आपली संख्या तयार. आपण रोज वापरतो त्या दशमान पद्धतीत ही संख्या ओबडधोबड दिसते. पण संगणक फक्त ० आणि १ वापरतो. त्या द्विमान पद्धतीत ती ओळीने ३१ वेळा १ अशी लिहिली जाते. आपल्याकडे ९९९९९ जसा, तसाच तिचा थाट. सगळी घरं भरलेली. पुढचा एक मिळवला की नवं घर लागणारच.

ती मूळ संख्या आहे हे कळलं कसं?

२ च्या कुठल्यातरी घातातून १ वजा केल्यावर मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मारँ मर्सेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच धर्मगुरूचं हे नाव. अशी संख्या मूळ असायला घातांकही मूळ असावा लागतो. पण तेवढं पुरत नाही. उदाहरणार्थ ११ मूळ आहे, तरी २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९.

मर्सेनच्याही आधी पिएत्रो कताल्दी या इटालियन गणितज्ञाने दावा केला होता की घातांक २३, २९, ३१ आणि ३७ घेतले तर मूळ संख्या मिळतात. २३ आणि ३७ चा दावा फर्मा यांनी १६४० मध्ये खोडून काढला. २९ चा ऑयलर यांनी १७३८ मध्ये. उरला ३१. तो खरा की खोटा, हे ठरायला १७७२ उजाडावं लागलं. तोवर ऑयलर सेंट पीटर्सबर्गमध्ये होते, वय पासष्टीच्या घरात होतं आणि दृष्टी जवळपास गेलेली होती. बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रातून त्यांनी कळवलं की ३१ चा दावा बरोबर आहे.

कॅल्क्युलेटर नसताना हे जमलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट: एखादी संख्या मूळ आहे का हे पाहायला तिच्या वर्गमूळापर्यंतच्याच संख्यांनी भागून पाहणं पुरतं. कारण संख्येचे दोन भाग पाडले तर दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. २१४७४८३६४७ चं वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे येतं. पण तिथपर्यंतही सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने हाताने भागाकार करायचा, म्हणजे काही महिन्यांचं काम.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑयलर यांची युक्ती. वरचं २०४७ चं उदाहरण परत पाहा. घातांक ११ आहे, त्याची दुप्पट २२. आता २३ ला २२ ने भागा, बाकी १. ८९ ला २२ ने भागा, पुन्हा बाकी १. हा योगायोग नाही. अशा संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला घातांकाच्या दुपटीने भागलं तर बाकी १ च उरते. शिवाय त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते (२३ ला ७, ८९ ला १).

आपल्या संख्येचा घातांक ३१. दोन्ही अटी एकत्र केल्या तर विभाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरायला हवी. बाकी कुठलीही उरली तर ती संख्या बाद. ४६,३४० पर्यंत या चाळणीतून सुमारे ३७२ उमेदवार उरतात, आणि त्यातलेही पुष्कळ स्वतः मूळ नाहीत. जसं २४९ = ३ × ८३, म्हणून तो सोडायचा. पुढचा ३११. त्याने भागून पाहा, ३५ उरतात. असं करत शेवटपर्यंत गेलं तरी एकालाही पूर्ण भाग जात नाही. म्हणजे संख्या मूळ.

त्यानंतर कित्येक दशकं जगाला माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या म्हणून हिचाच मान होता.

'यापेक्षा मोठी कुणी शोधणारच नाही'

६ ला ज्या संख्यांनी भाग जातो त्यातल्या ६ सोडून बाकीच्या मिळवा: १ + २ + ३ = ६. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. २८ ही तशीच: १ + २ + ४ + ७ + १४ = २८. युक्लिडच्या काळापासून माहीत आहे की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून एक परिपूर्ण संख्या तयार होते. आपल्या संख्येला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की मिळते २३०५८४३००८१३९९५२१२८, एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने आपल्या पुस्तकात लिहून टाकलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणारच नाही. कारण? या संख्या नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काहीच नाही, मग इतकी मेहनत घेणार कोण!

लोकांनी मेहनत घेतली. १८७६ मध्ये एदुआर्द ल्युका यांनी २ चा १२७वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली मर्सेन मूळ संख्या तर ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी आहे. आणि 'उपयोग काहीच नाही' हे म्हणणं किती चुकलं, ते पुढे येतंच आहे.

संगणक नेमका इथेच का थांबतो?

संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक संख्येसाठी ठराविक घरं राखून ठेवलेली असतात. एका घरात ० किंवा १. या घराला बिट म्हणतात. अनेक वर्षं साध्या पूर्ण संख्येसाठी ३२ बिट हे माप सर्रास वापरलं गेलं, आणि आजही वापरलं जातं. त्यातलं एक बिट संख्या धन की ऋण हे ठरवण्यात जातं. उरली ३१. ती सगळी १ ने भरली की झाली २१४७४८३६४७.

आता यात आणखी १ मिळवला तर? बऱ्याच यंत्रणांमध्ये ३१ घरं शून्य होतात आणि हातचा एक थेट चिन्हाच्या घरात जाऊन बसतो. संगणक तो आकडा उणे २१४७४८३६४८ असा वाचतो. स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० येतं ना, तसंच. फरक इतकाच की इथे मीटर शून्यावर न येता थेट उणे टोकाला जातं. याला ओव्हरफ्लो म्हणतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'ही संख्या मूळ आहे म्हणून संगणक अडकतो' असं काही पोस्टमध्ये वाचायला मिळतं. तसं नाही. वेगवेगळ्या मापांच्या मर्यादा पाहा:

- ८ बिट: १२७. मूळ आहे.
- १६ बिट: ३२,७६७ = ७ × ३१ × १५१. मूळ नाही.
- ३२ बिट: २१४७४८३६४७. मूळ आहे.
- ६४ बिट: ९२२३३७२०३६८५४७७५८०७. ७ ने भाग जातो, म्हणून मूळ नाही.

चारही ठिकाणी मर्यादा तशीच काम करते. संख्या मूळ असण्याचा आणि संगणक थांबण्याचा एकमेकांशी संबंध नाही.

पण एका ठिकाणी दोन्ही गुण कामाला येतात

गेममध्ये फासा टाकायचा असो किंवा प्लेलिस्ट शफल करायची असो, संगणकाला यादृच्छिक, म्हणजे रँडम वाटणाऱ्या संख्या लागतात. त्या तयार करायची एक प्रसिद्ध रीत अशी: मागच्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा आणि जी बाकी उरेल ती पुढची संख्या. १ पासून सुरुवात केली तर क्रम येतो १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३...

भाजक मूळ असल्यामुळे बाकी कधीच शून्य होत नाही. आणि १६८०७ हा गुणक नीट निवडलेला असल्यामुळे १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय कुठलीच परत येत नाही. वर ही संख्या ३२ बिटांत चपखल बसते. १९८८ मध्ये स्टीफन पार्क आणि कीथ मिलर यांनी ही रीत 'किमान दर्जा' म्हणून सुचवली. सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात ती आजही आहे. मात्र पुढची संख्या ओळखणं सोपं असल्यामुळे ओटीपी किंवा पासवर्डसाठी ती वापरत नाहीत.

ही मर्यादा कुठे कुठे आडवी आली?

यूट्यूब. डिसेंबर २०१४ मध्ये साय या कोरियन गायकाच्या 'गंगनम स्टाइल' या गाण्याचे व्ह्यूज २१४७४८३६४७ च्या पुढे गेले. 'काउंटर तुटला' असं तेव्हा पसरलं होतं. कंपनीच्या सांगण्यानुसार, हे होणार हे इंजिनिअरांच्या आधीच लक्षात आलं होतं आणि त्यांनी काउंटर ६४ बिटांचा करून ठेवला होता.

गेम. 'रुनस्केप' या ऑनलाइन गेममध्ये एका ढिगात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ नाणी ठेवता येतात. त्यापुढे एकही नाही.

मोबाइल नंबर. हे आपल्याकडे खास लागू पडतं. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे आपला प्रत्येक मोबाइल नंबर या मर्यादेपेक्षा मोठा आहे. एखाद्या नवशिक्या प्रोग्रामरने नंबरसाठी ३२ बिटांचं खातं ठेवलं, तर मायएसक्यूएलसारखा डेटाबेस सैल सेटिंगवर असताना तक्रार न करता मोठ्यात मोठी मावेल ती संख्या भरून टाकतो. मग यादीत सगळ्याच ग्राहकांचा नंबर २१४७४८३६४७ दिसायला लागतो. म्हणूनच फोन नंबर संख्या म्हणून नाही, तर मजकूर म्हणून साठवतात.

पैसे. हिशेब पैशांत ठेवायचा आणि खातं ३२ बिटांचं, तर मर्यादा २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. शहरातल्या एखाद्या फ्लॅटच्या व्यवहारातही ती ओलांडली जाऊ शकते.

विमान. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ बाबत आदेश काढला. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्रांचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रांतला काउंटर ओव्हरफ्लो होऊन वीज जाऊ शकते, असं त्यात म्हटलं होतं. एका सेकंदाचे शंभर भाग करून मोजत गेलं तर २१४७४८३६४७ पर्यंत पोहोचायला साधारण २४८.५५ दिवस लागतात. (ऑयलर यांच्या रीतीतही २४८ होता, पण तो निव्वळ योगायोग.)

१९ जानेवारी २०३८ ला काय होणार?

युनिक्स आणि त्यावरून घडलेल्या अनेक यंत्रणा तारीख-वेळ आपल्यासारखी साठवत नाहीत. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिच वेळेनुसार, किती सेकंद झाले एवढीच एक संख्या त्या मोजत राहतात. जुन्या यंत्रणांत ही संख्या ३२ बिटांची आहे.

२४,८५५ दिवस, ३ तास, १४ मिनिटं आणि ७ सेकंद झाले की मोजणी २१४७४८३६४७ वर येईल. तो क्षण म्हणजे मंगळवार, १९ जानेवारी २०३८. पुढच्याच सेकंदाला, दुरुस्त न केलेल्या यंत्राला वाटेल की आज १३ डिसेंबर १९०१ आहे.

तारीख चुकली तर काय बिघडतं? सुरक्षा प्रमाणपत्रं अवैध ठरतात, कामांचं वेळापत्रक कोलमडतं, व्याजाचा हिशेब उणे दिवसांचा होतो, नोंदींचा क्रम उलटा लागतो.

आणि त्यासाठी २०३८ पर्यंत थांबावं लागत नाही. भविष्यातली तारीख काढणाऱ्या प्रोग्रामला ही अडचण आजच येऊ शकते. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पुढेच जातो. मे २००६ मध्ये एओएलसर्व्हर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना याचा अनुभव आला. 'कधीच संपू नये' म्हणून त्यात शंभर कोटी सेकंदांची मुदत घातलेली होती. १३ मे २००६ रोजी 'आत्ता अधिक शंभर कोटी सेकंद' ही बेरीज मर्यादेपलीकडे गेली आणि सर्व्हर बंद पडू लागले.

दुरुस्ती कुठपर्यंत आली?

उपाय साधा आहे: सेकंदांची संख्या ६४ बिटांत ठेवायची. मग सुमारे २९२ अब्ज वर्षं चिंता नाही. आजचे बहुतेक फोन, लॅपटॉप आणि सर्व्हर ६४ बिटांचेच आहेत. ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही लिनक्सच्या गाभ्यात २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून सोय झाली. डेबियनने २०२५ मधल्या १३व्या आवृत्तीत बहुतेक ३२ बिट यंत्रांसाठी ६४ बिटांची वेळ स्वीकारली.

खरी चिंता आहे ती एकदा बसवून विसरून गेलेल्या वस्तूंची. जुने राउटर, सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, कारखान्यातली नियंत्रण यंत्रं, जुन्या गाड्यांतले छोटे संगणक. त्यांना अपडेट मिळत नाही, आणि त्यांच्या आत संगणक आहे हेही कुणाच्या लक्षात नसतं. शिवाय यंत्र नवं असलं तरी त्यातला डेटाबेस जुन्याच मापाचा असू शकतो. मायएसक्यूएलमधला 'टाइमस्टॅम्प' हा प्रकार १९ जानेवारी २०३८ पर्यंतच्याच तारखा घेतो.

तुमच्या मनातले प्रश्न

२०३८ मध्ये इंटरनेट बंद पडेल का?
असं मानायला आधार नाही. मोठ्या यंत्रणांवर काम सुरू आहे आणि हातात वर्षंही आहेत. २००० सालच्या वायटूके वेळी गोंधळ कमी झाला, कारण आधी काही वर्षं प्रचंड दुरुस्त्या झाल्या होत्या. त्या कामात भारतीय आयटी कंपन्यांचा मोठा वाटा होता. या वेळीही दुरुस्ती वेळेत केली तरच निभावेल.

फोनमध्ये तारीख २०३८ करून पाहू का?
नको. २०१६ मध्ये 'आयफोनची तारीख १ जानेवारी १९७० करा' असं व्हायरल झालं होतं, आणि ते करणाऱ्यांचे फोन सुरूच होईनात. तारीख फार पुढेमागे केली तर अॅप आणि वेबसाइट चालेनाशा होतात.

मग मी काय करावं?
घरातला राउटर किंवा कॅमेरा घेताना किती वर्षं अपडेट मिळणार ते विचारा. सोसायटी, दुकान किंवा कार्यालयासाठी सॉफ्टवेअर बनवून घेत असाल तर एक चाचणी मागून घ्या: २० जानेवारी २०३८ ही तारीख टाकून नोंद नीट होते का? नोंद अडली किंवा वर्ष १९०१ दिसलं, तर पुढचे पैसे देण्याआधी ते दुरुस्त करून घ्या.